'अ क्लॉकवर्क ऑरेंज' अर्ध्या लोकांना ग्रेट आणि अर्ध्यांना विकृत का वाटतो? मला हिंसा बघवत नाही, मी बघावा का?

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, मग बडबड. बघा. पहिला पाऊण तास जड जाईल, त्यातला एक सीन तर फारच, तो पुढे ढकललात तरी कोणी तुम्हाला फाशी देणार नाही. पण रक्ताला घाबरून टाळत असाल तर सांगते, रक्त त्यात फारसं नाहीच. आजच्या कुठल्याही मारधाडीच्या पिक्चरमध्ये इंटर्वलपर्यंत याच्या दसपट सांडतं आणि आपण शेजारी पोरं घेऊन पॉपकॉर्न खात बघतो. त्यामुळे 'ज्यांना हिंसा झेपते त्यांना आवडतो, ज्यांना नाही झेपत त्यांना नाही आवडत' हे जे सगळीकडे वाचायला मिळतं ना ते मला पटत नाही. भांडण वेगळ्याच गोष्टीवरून आहे.

(पुढे सगळी गोष्ट फोडणार आहे. पिक्चर १९७१ चा आहे, रागावू नका.)

गोष्ट थोडक्यात अशी. अ‍ॅलेक्स नावाचा मुलगा, तीन मित्र, रोज रात्री बाहेर पडून लोकांना मारणं, घरात घुसणं, बलात्कार, आणि घरी येऊन बेथोव्हन ऐकणं. एक बाई त्याच्या हातून मरते, तो पकडला जातो, तुरुंगातून लवकर सुटायला सरकारच्या एका नव्या उपचाराला तयार होतो. औषध टोचून, डोळे क्लिपांनी उघडे ठेवून त्याला हिंसेचे पिक्चर दाखवतात, म्हणजे नंतर कोणावर हात उगारायचा विचार जरी आला तरी त्याला मळमळून येतं. त्या फिल्मच्या मागे नेमकी बेथोव्हनची नववी सिंफनी वाजत असते त्यामुळे ती पण त्याच्यासाठी विष होते. मग बाहेर आल्यावर ज्यांना ज्यांना त्याने छळलं ते सगळे त्याच्यावर उगवून घेतात. बरं, त्या क्लिपा खऱ्या होत्या, शूटिंगमध्ये अ‍ॅलेक्स झालेल्या माल्कम मॅकडॉवेलच्या बुबुळाला ओरखडा आला, आणि डोळ्यात थेंब टाकणारा जो माणूस दिसतो तो खराखुरा डॉक्टरच होता.

आता वाद. लोकांना वाटतं हा वाद इंटरनेटवाल्यांचा आहे, शहाणी माणसं सगळी मास्टरपीसच म्हणतात. तसं अजिबात नाही. आला तेव्हापासून फूट आहे. न्यूयॉर्कच्या क्रिटिक्स सर्कलने त्या वर्षीचा बेस्ट फिल्म आणि बेस्ट डिरेक्टर दोन्ही यालाच दिले, ऑस्करला बेस्ट पिक्चर धरून चार नॉमिनेशन मिळाली (एकही जिंकलं नाही, बेस्ट पिक्चर 'द फ्रेंच कनेक्शन'ला गेलं). आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या नावाजलेल्या समीक्षकांपैकी रॉजर ईबर्टने चारपैकी दोन स्टार दिले आणि पॉलीन केलने तर पिक्चर उभा आडवा सोलला. ही दोघं काय हिंसा बघून किंचाळणारी माणसं नव्हेत. केलचा मुद्दा साधारण असा होता की डिरेक्टर स्टॅनली कुब्रिकने मार खाणाऱ्यांना अ‍ॅलेक्सपेक्षा कमी माणूस करून ठेवलंय. माझ्या मते सगळं भांडण इथेच आहे, बाकी सगळं फाटे.

हे मला कळलं ते केल वाचून नाही, वहिनीमुळे कळलं. मडगावला भावाकडे आम्ही सातआठ जण मिळून पिक्चर बघितला, भावाने प्रोजेक्टर आणलेला त्याची हौस. संपल्यावर पुरुषमंडळी सुरू झाली, कॅमेरा काय, ती वाइड अँगल लेन्स काय, संगीत काय, आणि खरं सांगायचं तर मी पण त्यांच्यातच होते. वहिनी सोलकढीचे पेले आणून ठेवता ठेवता म्हणाली, "एवढं सगळं झालं आणि शेवटी ती बाई एका वाक्यात मेली." सगळे गप्प. कारण खरंच तसं आहे. अ‍ॅलेक्स आणि मित्र ज्या लेखकाच्या घरात घुसतात त्याच्या बायकोवर जो अत्याचार होतो, पिक्चरमधला सगळ्यात गाजलेला सीन, त्या बाईचं पुढे काय झालं तर नवरा नंतर बोलता बोलता सांगतो की न्यूमोनियाने गेली असं डॉक्टर म्हणाले पण माझ्या मते या काळाचाच बळी. बस्स. आणि तो नवरा पण दुसऱ्या वेळी येतो तेव्हा व्हीलचेअरवर बसून असे काही चेहरे करतो की आपल्याला हसू येतं. त्याचीच बायको गेलीय आणि हसतोय आपण त्याला!

मग मी कादंबरी काढून बघितली, अँथनी बर्जेसची, १९६२ ची. आणि मग दिसायला लागलं की कुब्रिकने काय काय हलवलंय. पुस्तकात अ‍ॅलेक्स १५ वर्षांचा आहे, पिक्चरमध्ये मॅकडॉवेल २७ चा, देखणा, डोळ्यात मिश्किली. पुस्तकात रेकॉर्डच्या दुकानातल्या दोन मुली दहा दहा वर्षांच्या आहेत आणि तो त्यांना दारू पाजून जे करतो ते वाचवत नाही. पिक्चरमध्ये त्या मोठ्या झाल्या, खुशीने आल्या, आणि सगळा प्रसंग फास्ट फॉरवर्डमध्ये विल्यम टेलच्या म्युझिकवर, म्हणजे चक्क विनोदी. मांजरंवाली बाई (अ‍ॅलेक्सच्या हातून मरते ती) पुस्तकात म्हातारी आहे, पिक्चरमध्ये ती तुसडी, व्यायाम करणारी, घरभर अश्लील शिल्पं मांडलेली अशी केलीय, म्हणजे ती मेली तरी आपल्याला फार वाईट वाटू नये. आणि वरून अ‍ॅलेक्स सगळ्या पिक्चरभर आपल्याशी बोलतोय, तुमचा नम्र निवेदक म्हणून, जसं काही आपण त्याचे जुने दोस्त. जो कोणी त्याच्या वाटेत येतो तो एकतर कुरूप नाहीतर ढोंगी नाहीतर मूर्ख. मग तुम्ही कोणाच्या बाजूला बसणार? दुसरी खुर्चीच ठेवलेली नाहीये.

आता इथे समर्थक म्हणतात, अहो तोच तर मुद्दा आहे, तुम्हाला त्याच्या बाजूला बसवून नंतर तुमचीच लाज वाटायला लावायची, हीच तर कुब्रिकची कमाल. अर्धं पटतं मला. 'सिंगिन इन द रेन' म्हणत लाथा घालतो तो सीन घ्या, ते गाणं स्क्रिप्टमध्ये नव्हतंच, मॅकडॉवेलला जे पाठ होतं ते त्याने रिहर्सलला म्हटलं आणि कुब्रिकने लगेच हक्क विकत घेतले. तिथे हसू येत नाही, तिथे पोटात कळ येते, ते गाणं माझ्यासाठी कायमचं नासलं. तो सीन प्रामाणिक आहे असं मी म्हणेन. पण मांजरंवाल्या बाईचा सीन? दुकानातल्या मुलींचा? तिथे लाज कुठे वाटते, तिथे निव्वळ गंमत आहे.

आमच्या गोव्यातले असाल तर तुम्हाला लगेच समजेल. जत्रेत दशावतारी काला होतो त्यात संकासूर येतो. काळा बुरखा, लाल जीभ, देवांची वाट कोण बघतो, पोरं जागी राहतात ती त्याच्यासाठी, तो भटाची टर उडवणार, प्रेक्षकांची उडवणार, वेद पळवणार आणि आपण हसणार. पण तिथे सगळ्यांना ठाऊक असतं की विष्णू येणार आहे. म्हणून हसायला मोकळीक असते. अ‍ॅलेक्स हा असा संकासूर आहे ज्याच्या पिक्चरमध्ये विष्णू येतच नाही, उलट शेवटी मंत्रीच त्याला हॉस्पिटलमध्ये आपल्या हाताने भरवतो आणि फोटो काढून घेतो. काही लोकांना हे धाडस वाटतं, काहींना फसवणूक. मला बघताना धाडस वाटलं आणि विचार केल्यावर थोडी फसवणूक पण, आणि दोन्ही एकाच पिक्चरबद्दल वाटू शकतं असं माझं म्हणणं आहे.

शेवटावरून तर अजून एक मोठा लोचा आहे. कादंबरीला २१ प्रकरणं आहेत. अमेरिकन आवृत्तीत शेवटचं गाळलं होतं, आणि कुब्रिकने ती गाळलेलीच वाचलेली. २१ व्या प्रकरणात अ‍ॅलेक्स १८ चा होतो, जुना मित्र लग्न करून सुखात दिसतो, आणि याला स्वतःच या सगळ्याचा कंटाळा येतो, बायको मुलगा असावा असं वाटायला लागतं. कुब्रिकला ते प्रकरण नंतर कळलं पण पटलं नाही. अमेरिकेत ते पुस्तकात परत आलं १९८६ ला. आता त्या एका प्रकरणाने पुस्तक वेगळं होतं, माणूस वाढतो असं सांगणारं, आणि पिक्चर म्हणतो की वाढत बिढत काही नाही, सरकारने बिघडवलेलं सरकारने परत चालू करून दिलं. मला व्यक्तिशः कुब्रिकचा शेवट जास्त खरा वाटतो, बर्जेसचा शेवट म्हणजे 'लग्न झालं की सुधारेल' हे आपल्याकडच्या आत्या-मावश्या सांगतात तेच झालं. पण पुस्तकातलं ते दार बंद केल्यावर पिक्चर जास्त थंड होतो हे खरं.

आणि एक वाचन आहे जे आपल्या हिंदू घरातल्यांना पटकन सुचत नाही. आमच्या शेजारचा कॅथलिक मित्र त्या रात्री होता, तो म्हणाला ह्यात एवढं भांडण्यासारखं काय आहे, हे आम्हाला दोतोर्नीत (म्हणजे लहानपणी चर्चमध्ये देतात त्या धर्मशिक्षणात) शिकवलेलं, पाप करायची सोय नसेल तर पुण्य पण नाही. पिक्चरमधला तुरुंगातला पाद्री नेमकं तेच बोलतो, ज्याला निवडच करता येत नाही तो चांगला कसा. बर्जेस मँचेस्टरचा, कॅथलिक घरात वाढलेला, नंतर धर्म सुटला पण हा विचार काही सुटला नाही. माझ्या मित्राच्या लेखी हा पिक्चर हिंसेचा नाहीच, धर्माचा आहे, आणि त्याला तो मनापासून आवडला. वहिनीला नाही आवडला. दोघांनी एकाच सोफ्यावर बसून बघितला.

कल्ट कसा झाला त्याचं मात्र अर्धं श्रेय पिक्चरला नाहीच. इंग्लंडमध्ये सेन्सॉरने तो एकही कट न देता एक्स सर्टिफिकेटने (म्हणजे फक्त मोठ्यांसाठी) पास केलेला. मग कुठे कोणी मारामारी केली की पेपरवाले आणि कोर्टातले वकील या पिक्चरचं नाव घ्यायला लागले, कुब्रिकच्या घरी धमक्या यायला लागल्या, आणि १९७३ मध्ये त्याच्याच सांगण्यावरून तो इंग्लंडपुरता मागे घेतला गेला. सरकारची बंदी नव्हे हे लक्षात घ्या, लोक नेहमी बंदी म्हणून लिहितात. लंडनच्या स्काला थिएटरने चोरून दाखवला तर त्यांच्यावर केस झाली, हरले, १९९३ मध्ये थिएटरच बंद. कुब्रिक १९९९ ला गेला आणि मग २००० मध्ये परत लागला. म्हणजे २७ वर्षं एका अख्ख्या पिढीने तो कॉपीची कॉपी केलेल्या कॅसेटवर नाहीतर पॅरिसला जाऊन बघितला. असं मिळवून बघितलेलं वाईट म्हणायला जीभ रेटत नाही हो. इफ्फीला, म्हणजे आमच्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवलला, दरवर्षी पणजीत तेच बघते मी, फेस्टिवलच्या फिल्मना सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागत नाही, त्यामुळे 'अनकट आहे' एवढं कानावर पडलं की आयनॉक्स थिएटरच्या बाहेर लाइन मांडवी नदीपर्यंत, आणि अर्ध्या तासात त्यातले निम्मे बाहेर, आणि उरलेले शेवटी उभं राहून टाळ्या. टाळ्या पिक्चरला किती आणि आपण टिकलो याला किती, देव जाणे.

आणि हणजूणच्या बुधवारच्या बाजारात अ‍ॅलेक्सचा चेहरा छापलेले टी-शर्ट लटकलेले असतात, ती हॅट, ती एका डोळ्याची पापणी. त्या लोकांवर मला राग नाही पण वाद घालायचाच असेल तर तो 'आवडला' म्हणणाऱ्याशी नाही, टी-शर्टवाल्याशी घालावा. बाकी आवडला आणि नाही आवडला म्हणणारे दोघंही, नीट बघितलेले असतील तर, एकच गोष्ट बघून आलेले असतात की आपल्याला इथे नको तिथे हसवलं गेलं. एकाने त्याबद्दल डिरेक्टरला माफ केलं, दुसऱ्याने नाही केलं. माझ्या वहिनीने नाही केलं आणि तिला 'तुला सिनेमा कळत नाही' म्हणणाऱ्याला (माझ्या भावाने म्हटलं, दुसरं कोण) तिने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर तुमच्यासाठी, मोबाइलवर तुकड्या तुकड्यात बघू नका, १३६ मिनिटं आहेत, एका बैठकीत बघा, सबटायटल लावा कारण तो अ‍ॅलेक्स रशियन शब्द घुसडून असली काही भाषा बोलतो की पहिली दहा मिनिटं डोक्यावरून जातात. सासूसासरे घरात असताना नको. पुस्तक घेतलंत तर २१ प्रकरणांचं आहे ना ते आधी मोजून घ्या. आणि बघून झाल्यावर आवडला की नाही ते नाही सांगितलंत तरी चालेल, कुठल्या कुठल्या सीनला हसू आलं तेवढं इथे लिहा.