राजीनामा द्या, पण दीड महिन्यानं

प्रश्न: नाशिकमध्ये एका खासगी बँकेच्या शाखेत 4 वर्षं 8 महिने नोकरी झाली. सकाळी पावणेनऊच्या कॉलवर टार्गेटवरून सगळ्यांसमोर वाट्टेल ते ऐकून घ्यावं लागतं. रात्री झोप नाही. हातात 62,000 येतात, घराचा हप्ता 21,400, एफडी 2,80,000. मिस्टरांच्या झेरॉक्सच्या दुकानातून 25,000 सुटतात. दुसरी नोकरी हातात नाही. सोडू का?

ताई, मार्च एंडला टार्गेट भरेना म्हणून वर्षाला 50,000 हप्त्याची युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) स्वतःच्याच नावावर घेतली, असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. माझ्या दृष्टीनं निकाल तिथेच लागला. म्हणजे 62,000 मधले महिन्याला चार हजारांवर बँकेच्याच टार्गेटला जातात. सोडा. फक्त तारीख नीट धरा.

ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, सलग पाच वर्षं लागतात. दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून: बेसिक 30,000 धरला तर 30,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे साधारण 86,500 रुपये. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तरी हक्क मिळतो असं मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलंय, पण त्यासाठी बँकेशी भांडत बसायची ताकद आज तुमच्यात नाही. पाच वर्षं पुरी व्हायला चार महिने आहेत आणि तुमचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा. नोटिशीचे दिवसही नोकरीतच धरतात. म्हणून दीड महिन्यानं राजीनामा द्या. वरचे पंधरा दिवस मुद्दाम ठेवलेत, शिल्लक रजा नोटिशीच्या दिवसांतून वजा झाली तर असावेत म्हणून. एक धोका आहे: काही ठिकाणी राजीनामा दिला की लगेच मोकळं करतात. तुमच्या शाखेत आधी सोडून गेलेल्यांना कसं वागवलं ते गुपचूप विचारून ठेवा. आणि तब्येतच साथ देत नसेल तर उद्या सोडा, 86,500 गेले तर जाऊ देत.

आता घर. हप्ता, किराणा, शाळा धरून तुमचा खर्च 45,400. दुकानाचे 25,000 वजा केले की महिन्याला 20,400 कमी पडतात. एफडीतले 80,000 दवाखान्यासाठी बाजूला काढा, उरलेल्या दोन लाखांत साडेनऊ महिने निघतात. तोवर एसआयपी (म्युच्युअल फंडातला महिन्याचा हप्ता) थांबवा. युलिपचा पुढचा हप्ता भरू नका. भरलेले पैसे पाच वर्षांच्या आत हातात येणार नाहीत, तेव्हा ते हिशेबातच धरू नका. पीएफला हात नको, नवी नोकरी लागली की तिकडे वळवा.

खरी काळजी सासूबाईंच्या शुगरची. बँकेचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोकरीत असतानाच करा, म्हणजे वेटिंग पीरियडची, जुन्या आजाराला विमा लागू होईपर्यंत थांबायच्या काळाची, झालेली वर्षं धरली जातात. सुटल्यावर नव्यानं पॉलिसी घ्यायला गेलात तर शुगरसाठी पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागेल.

सॅलरी स्लिपा, फॉर्म 16 आणि मेडिक्लेमचे कागद आजच स्वतःच्या मेलवर घ्या. लॉगिन बंद झाल्यावर एचआरवाले फोन उचलत नाहीत.