समुद्रघोड्यांची पिल्लं वाढवायची आहेत? आधी खाण्याचं बघ

सगळ्यात आधी कायदा. आपल्याकडे समुद्रघोडा 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, म्हणजे घरच्या टाकीत ठेवणं बेकायदा. काम शिकायचं तर परवानगी असलेल्या संशोधन केंद्रातच शीक.

आता पिल्लं. समुद्रघोड्यांत पिल्लं नराच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात; तिथून ती बाहेर पडली की बापाचं काम संपलं; पुढचं सगळं तुझ्यावर. समुद्रघोड्याला जठरच नसतं, त्यामुळे खाल्लेलं झरझर पुढे जातं आणि थोडंथोडं, दिवसातून अनेकदा द्यावं लागतं. तेही जिवंत: कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव), मग अंड्यातून नुकतं फुटलेलं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी). म्हणून नर गाभण दिसला की त्याच दिवशी कोपेपॉडची पैदास सुरू कर. मी पहिल्या खेपेला उशीर केला आणि आठवड्यात निम्मी पिल्लं गेली. अजून वाईट वाटतं. दुसरं, पिल्लं पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि तरंगतच राहतात. म्हणून पाण्याला हळुवार गोल फिरता प्रवाह ठेव.

पिल्लं समुद्रात सोडण्याचा विचार मात्र पहिल्या दिवसापासून हवा. ऑस्ट्रेलियात सिडनीला व्हाइट्स समुद्रघोडा या तिथल्या जातीसाठी आधी समुद्रात लोखंडी पिंजरे ठेवले. त्यांच्यावर शेवाळ, स्पंज वाढले, शेपटीला धरायला जागा झाली, आणि 2020 मध्ये टाकीत वाढवलेली पिल्लं तिथे सोडली. नर-मादी पिल्लं जिथे सोडायची त्याच भागातले घे, दुसरीकडचे मिसळू नकोस. आणि जिथून ते आणलेस तिथलं समुद्री गवत अजून शाबूत आहे का, हे स्वतः जाऊन बघ.