‘१ टीएमसी’ पाणी डोळ्यांपुढं कसं आणायचं?

तुमचा प्रश्न असा: पैठणच्या जायकवाडी धरणाच्या बातम्यांत टीएमसी, दलघमी, क्युसेक असे आकडे येतात, पण पाणी नेमकं किती ते काही केल्या उमगत नाही.

१ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एका घनफुटात २८.३२ लिटर, म्हणजे झाले २,८३२ कोटी लिटर. हे पाठ करून उपयोग नाही. कोटींच्या पुढं सगळं नुसतं ‘लई’च वाटतं. त्याला आपल्या रोजच्या मापानं भागायचं.

शेतीवाल्यांसाठी एकर बरा. २३ हजार एकर रानात फूटभर पाणी उभं राहिलं की १ टीएमसी. टँकरनं भागलं तर १२ हजार लिटरचे साडेतेवीस लाख टँकर येतात, पण एवढे टँकर तरी कुणी पाहिलेत? भागाकार करून पुन्हा लाखच हातात आले तर माप लहान पडलं असं समजा. मोठं माप घ्या आणि उत्तर दिवसांत, वर्षांत काढा.

२०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची. ५० वाघिणींची गाडी, एका खेपेला २५ लाख लिटर. रोज एक खेप धरली तर १ टीएमसी आणायला ११,३२७ दिवस, म्हणजे ३१ वर्षं लागतात. जायकवाडीचा उपयुक्त साठा, म्हणजे एरवी वापरायला सोडता येतं ते पाणी, साधारण ७६.६५ टीएमसी. तेवढं पाणी आणायला त्याच गाडीला पावणेचोवीसशे वर्षं! पैठणला सातवाहनांचं राज्य यायच्या आधी पहिली खेप निघाली असती, तर शेवटची आत्ता कुठं पोचली असती.

क्युसेक हा साठा नव्हे, वेग आहे: सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग २४ तास चालला तर १ टीएमसी जातं. म्हणून ‘२० हजार क्युसेकनं विसर्ग’ वाचलं की आधी किती तास ते बघा. सहाच तास असेल तर अर्धा टीएमसीसुद्धा होत नाही.

गोंधळ बहुतेक वेळा एककांत होतो. १ दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, १०० कोटी लिटर. टीएमसी काढायला दलघमीला २८.३२ नं भागायचं. दोन्हींत ‘१०० कोटी’ येतं, पण एकीकडं लिटर, दुसरीकडं घनफूट. तिथंच अठ्ठावीस पटींची चूक होते. बातमीतली टक्केवारीही उपयुक्त साठ्याची असते. शून्य टक्के म्हटलं तरी खाली सुमारे २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी, असतोच.

पातळी किती उतरली यावरून अंदाज बांधताना मात्र जपून. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, बशीसारखा उथळ आहे, भरल्यावर साधारण ३५० चौरस किलोमीटर पसरतो. तेव्हा आठ सेंटिमीटर उतरलं की १ टीएमसी गेलं. उन्हाळ्यात पसारा आक्रसतो, मग तेवढ्याच आठ सेंटिमीटरला पाणी कितीतरी कमी भरतं.