मोनोपॉली मुळात कोणाची?

प्रश्न : मंदीत नोकरी गेलेल्या चार्ल्स डॅरो यांनी जागा विकत घेऊन भाडं वसूल करण्याचा ‘मोनोपॉली’ हा पटावरचा खेळ शोधला, असं वाचलं होतं. मुलं म्हणतात, तो एका बाईंनी केला. खरं काय? शिवाय आमचा डाव चार-चार तास संपत नाही. कुठे चुकतं?

उत्तर : मुलांचं बरोबर आहे. लिझी मॅगी यांना ‘लँडलॉर्ड्स गेम’चं अमेरिकन पेटंट ५ जानेवारी १९०४ रोजी मिळालं. कडेने घरं असलेला चौकोनी पट, जागांचं भाडं, रेल्वे, कोपऱ्यात तुरुंग, फेरी पुरी झाली की १०० डॉलर मजुरी, हे सगळं त्यात आहे. जमीन मूठभरांकडे गेली की बाकीचे कसे पिळले जातात, हे त्यांना दाखवायचं होतं.

पुढे लोक हातानेच पट काढून तो खेळू लागले. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी या शहरातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी त्यावर आपल्या रस्त्यांची नावं घातली. डॅरो हा खेळ ओळखीच्या एका जोडप्याकडे शिकले. त्या जोडप्याच्या पटावर ‘मार्व्हेन गार्डन्स’ या वस्तीचं नाव चुकून ‘मार्व्हिन’ पडलं होतं. डॅरोंच्या पटावरही नेमकं ‘मार्व्हिन’च आहे! याहून बोलका पुरावा कुठला?

जॉर्ज पार्कर यांनी १८८३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी सुरू केलेल्या पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३४ मध्ये डॅरोंचा खेळ नाकारला आणि १९३५ मध्ये विकत घेतला. त्याच वर्षी मॅगी यांचं पेटंटही घेतलं, अवघ्या ५०० डॉलरना, रॉयल्टीशिवाय. हा अन्यायच होता. १९७० च्या दशकात ‘अँटी-मोनोपॉली’ हा खेळ काढणाऱ्या राल्फ अ‍ॅन्स्पाक या प्राध्यापकांचा कंपनीशी खटला झाला, तेव्हा कुठे हा इतिहास उजेडात आला.

आता तुमचा डाव. दंडाचे पैसे पटाच्या मधोमध ठेवून ‘फ्री पार्किंग’वर येणाऱ्याला देत असाल, तर ते बंद करा. छापील नियमात ते नाही. दंड बँकेत गेला पाहिजे, नाहीतर पैसा खेळातच फिरतो आणि कुणाचं दिवाळं निघत नाही. दुसरं, आलेली जागा भिडूने घेतली नाही तर लगेच लिलाव करा. जागा लवकर संपतात.

बँकेत जागांवर बांधायची ३२ घरं आणि १२ हॉटेलंच असतात. जागेवर चार घरं बांधून थांबलात आणि हॉटेल टाळलं, तर समोरच्यांना घरं मिळत नाहीत. नारिंगी जागा सोडू नका. त्या तुरुंगापासून पटावरच्या ६, ८ आणि ९ घरांवर आहेत, म्हणजे तुरुंगातून निघणाऱ्याला दोन फाशांच्या ३६ दानांपैकी १४ दानं तिथे नेतात. ‘व्यापार’चा पट असेल तर तुरुंगापासूनची पटावरची घरं आधी मोजून घ्या.