नव्या प्रोसेसरवर ओरखडे, जुना माल तर नाही?

प्रश्न: सीताबर्डीतून इंटेलचा सीलबंद प्रोसेसर घेतला, घरी उघडला तर वरच्या झाकणावर बारीक ओरखडे अन् खालच्या सोनेरी ठिपक्यांवर टोचल्यासारख्या खुणा, दुकानदार म्हणतो काही होत नाही भाऊ. वापरलेला तर नाही ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: बहुतेक नाही. झाकण तांब्याचं असतं, वरून निकेलचा मुलामा, काम काय तर आतली उष्णता कूलरकडे न्यायची, त्यामुळे वरवरच्या ओरखड्यांनी काही बिघडत नाही आणि तसंही कूलर बसला की दिसणार कोणाला! खालच्या खुणा फॅक्टरीतल्या टेस्टिंगमध्येही पडतात. कडेला वाळलेली थर्मल पेस्ट (कूलर बसवताना झाकणावर लावतात तो लेप) दिसली, म्हणजे आधी वापरल्याची खूण दिसली, तर मात्र सरळ परत करा. बसवायच्या आधी झाकणावरचा बॅच नंबर बॉक्सच्या लेबलशी जुळवा, फोटो काढा.