वात हलते का? आधी तिचा पाय पाहा

प्रश्न : ग्लासात ठेवायच्या बुटक्या मेणबत्त्या मी दिवाळीत विकण्यासाठी घरी करते. पत्र्याच्या साच्यात मेण ओतते आणि वात वरून काडीला बांधून मधोमध सोडते. थंड झाल्यावर छान दिसतात, पण पेटवल्यावर तासा-दीड तासात वात कलंडते आणि काचेला टेकते. एका गिऱ्हाइकाचा ग्लास तडकला. वात घट्ट बसवायची कशी? – एक भगिनी, संगमनेर

ताई, सगळ्यात आधी एक विनंती. या मेणबत्त्या जेवढ्या शिल्लक असतील तेवढ्या विकू नका. वितळवून मेण परत वापरा, वाया काहीच जात नाही. वात काचेला टेकली की ज्योत एकाच जागी काच तापवते. तिथे आधी काजळी धरते आणि मग तडा जातो. घरात लहान मूल असलं तर पुढचं सांगायला नको.

वात का कलंडते ते सांगते. उभी लांब मेणबत्ती जळते तेव्हा वरचं थोडंसंच मेण पातळ होतं, खालचं कडक मेण वातीला धरून ठेवतं. ग्लासातल्या बुटक्या मेणबत्तीचं तसं नाही. ती मुळात पूर्ण वितळण्यासाठीच असते. थोड्या वेळात ग्लासात नुसतं पातळ मेण उरतं आणि वातीला धरणारं कुणीच राहत नाही. म्हणून इथे मेणाच्या भरवशावर वात सोडायचीच नाही. तिला खाली पत्र्याची चकती हवी. मधोमध छोटी नळी असलेली ही चकती मेणबत्तीचं सामान विकणाऱ्याकडे वातीसोबतच मिळते. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास विचारा. साधारण २ सेंटिमीटर रुंदीची घ्या आणि नळी जरा उंच, ५-६ मिलिमीटरची मागा. उंच नळीचा आणखी एक उपयोग आहे. मेण नळीच्या तोंडापर्यंत उतरलं की वातीला मेण मिळेनासं होतं आणि ज्योत आपोआप विझते, ग्लासाच्या तळापर्यंत पोचत नाही.

आता कृती. वात आधी मेण पाजलेली हवी. साधारण ७५ अंशांच्या मेणात ती बुडवली की बुडबुडे येतात. ती धाग्यांत अडकलेली हवा असते. बुडबुडे थांबेपर्यंत वात बाहेर काढू नका. मग दोन्ही टोकं धरून ताणा आणि सरळ करून बटर पेपरवर गार होऊ द्या. कोरी वात मऊ राहते, नळीत नीट दाबली जात नाही आणि मेणबत्तीत तिच्याभोवती पोकळी राहते.

कडक झालेली वात नळीत खालून वर घाला. नळी टोकदार पकडीने आधी एका बाजूने दाबा, मग वात पाव वळसा फिरवून पुन्हा दाबा. एकाच बाजूने दाबलेली नळी चपटी होते आणि वात त्यातून सरकू शकते. चकतीच्या खाली वातीचं टोक जरासुद्धा राहता कामा नये. ते राहिलं की चकती टेकत नाही, डुगडुगते. कलंडलेल्या वातींत हे कारण मला फार वेळा सापडतं. तिथे ब्लेडने सपाट कापून घ्या.

ही वात ओतण्याआधी साच्यात ठेवू नका, हा माझा आग्रह आहे. गरम मेण पडलं की ती मऊ पडते, वाकते आणि चकती जागची हलते. त्यापेक्षा मेणबत्ती आधी बिनवातीची करा आणि तिला मधोमध भोक ठेवा. त्यासाठी तळाला चकती असलेली सळई विकत मिळते. नसेल तर सायकलच्या चाकाची जुनी सरळ तार घ्या, ती साधारण २ मिलिमीटर जाडीची असते. स्वच्छ पुसून घ्या, पण तेल लावू नका. भोकाला आतून तेल लागलं तर नंतर ओतलेलं मेण तिथे धरत नाही. साच्यातलं मेण खव्यासारखं घट्ट झालं की तार मधोमध तळापर्यंत उभी खोचा. मधूनमधून जागच्या जागी फिरवत राहा आणि मेण धरलं की फिरवतच बाहेर काढा. पूर्ण थंड होईपर्यंत थांबलात तर तार निघताना मेणबत्तीला तडा जाईल.

साच्यातून काढलेल्या मेणबत्तीत आता खालच्या बाजूने वात सरकवा. ती जरा रेटूनच गेली पाहिजे. सहज खालीवर होत असेल तर भोक मोठं झालंय. मग तवा मंद गरम करून गॅस बंद करा आणि मेणबत्तीचा तळ त्यावर क्षणभर टेकवा, चकती तळाशी येईल इतकाच. तळाचं मेण विरघळतं, चकती त्यात बसते आणि तळ सपाट होऊन मेणबत्तीही डुलत नाही. हे काम मला सगळ्यात आवडतं. हाताला लगेच कळतं की आता ती नीट बसली.

शेवटी वरची बाजू. पॅराफिन थंड होताना आकसतं, त्यामुळे मधोमध, नेमका वातीपाशीच खळगा पडतो. त्यात पहिल्या वेळेपेक्षा ५ अंश जास्त गरम मेण चमच्याने घाला. ते वातीच्या कडेने भोकात उतरतं आणि तिला वरून खालपर्यंत धरतं. पहिल्या ओतणीच्या रेषेच्या वर मात्र जाऊ देऊ नका, नाहीतर कडेने ओघळ येतात. वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापा.

मेण ५८-६० अंशांवर वितळणारं, शुद्ध केलेलं पॅराफिन घ्या आणि ८० अंशांच्या आसपास ओता. वितळवायचं ते पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवूनच, थेट गॅसवर कधीही नाही. मेण पेटलं तर पाणी मारू नका, झाकण घालून गॅस बंद करा.

ग्लास मेणबत्तीपेक्षा थोडाच रुंद हवा. चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर पुरे. रुंद ग्लासात मेण पसरतं, उथळ होतं आणि वात लवकर उपाशी पडते. आणि हो, विकण्याआधी प्रत्येक घाण्यातली एक मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून बघा, समोर बसून.

प्रश्न : देवाची फुलवात मेणबत्तीत वापरली तर चालेल का? घरात भरपूर आहेत. – एक वाचक, चिपळूण

नाही चालणार. फुलवात निरांजनातल्या तुपासाठी आहे. तिथे ती जागच्या जागी तूप ओढत शांत जळते. पिंजलेला कापूस मेणात मात्र भसाभसा पेटतो, ज्योत मोठी होते आणि टोकाला काजळीचा गोळा धरतो. मेणबत्तीला विणलेली वात लागते. विणीमुळे जळताना तिचं टोक वाकून ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे पुरतं जळून जातं. फ्रान्समध्ये १८२५ च्या सुमारास कांबासेरेस यांनी ही विणलेली वात आणली. तोवर लोकांना मेणबत्ती पेटवून ठेवली की मधूनमधून कात्रीने वात छाटत बसावं लागे.

घरी करायचीच असेल तर सुती दोऱ्याचे तीन पदर घट्ट वेणीसारखे विणा. कपभर गरम पाण्यात १ चमचा मीठ आणि २ चमचे टाकणखार विरघळवून त्यात रात्रभर भिजवा. पूर्ण वाळल्यावरच मेण पाजा. दोरा सुतीच आहे ना, हे टोक पेटवून पाहा. वितळून मणी झाला तर तो दोरा बाद.

प्रश्न : मी साचा न वापरता थेट काचेच्या पेल्यात मेण ओततो. चकती ग्लू गनने चिकटवतो, तरी ती सुटून वर तरंगते. नाताळाआधी उत्तर दिलंत तर बरं होईल. – एक वाचक, अलिबाग

सप्टेंबरातली मोतमाऊलीची जत्रा, २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस, मग नाताळ. आमच्या वसईत हा सगळा मोसम मेणाचाच, त्यामुळे तुमची घाई समजते.

ग्लू गनचा साधा गोंद गरम मेणात मऊ पडतो, म्हणून चकती सुटते. मेणबत्तीसाठी मिळणाऱ्या दोन्ही बाजूंनी चिकट गोल टिकल्या वापरा. पेला आधी धुऊन अगदी कोरडा करा, कारण तळाला तेलाचं बोट लागलं असलं तरी टिकली धरत नाही. चकती बसवली की पेन्सिलच्या मागच्या टोकाने तिच्या कडा दाबून घ्या. तळाला आधी अर्धा सेंटिमीटर मेण ओता, ते गोठू द्या आणि मगच पेला भरा. वात ताठ राहायला पेल्यावर कपड्यांचा लाकडी चिमटा आडवा ठेवून त्यात ती धरा. ताणू मात्र नका, ताणलेली वातच चकती उचलते.