अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या ‘टेबर’ (‘करदात्यांच्या हक्कांची सनद’) या खर्चमर्यादेमुळे करदात्यांचा फायदा होतो की स्थानिक संस्थांची अडचण?

दोन्ही होतं: करदात्याला परतावा मिळतो आणि स्थानिक संस्थांचे हात बांधले जातात. १९९२ साली मतदारांनी राज्याच्या घटनेत केलेल्या या दुरुस्तीनुसार राज्याचा खर्च महागाई आणि लोकसंख्यावाढीपेक्षा वेगाने वाढवता येत नाही. मर्यादेपेक्षा जास्त जमलेला महसूल लोकांना परत द्यावा लागतो. २०२२ मध्ये एकट्या करदात्याला ७५० आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला १,५०० डॉलर मिळाले, म्हणजे रक्कम किरकोळ नव्हती. पण हाच नियम काउंटी, शहरं आणि शालेय जिल्ह्यांनाही (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) आहे, फक्त त्यांचं मोजमाप थोडं वेगळं. शिवाय नवा कर लावायचा किंवा दर वाढवायचा तर आधी मतदान. मग सरकारं शुल्काकडे वळतात, कारण शुल्क म्हणजे कर नव्हे, त्याला सहसा मतदान लागत नाही! परताव्याचा हिशेब करताना ही बाजूही धरा. मात्र आपल्या गावाला ही खर्चमर्यादा लागू आहेच असं गृहीत धरू नका. बऱ्याच शहरांनी आणि जवळपास सगळ्या शालेय जिल्ह्यांनी मतदान घेऊन जादा महसूल स्वतःकडे ठेवण्याची परवानगी मिळवली आहे. नव्या करासाठी मतदानाची अट तिथेही कायम आहे.